हरतालिकेचा स्वॅब

अगं, तुम्ही चहा घ्या, तोवर माझ्या नाकाची गोष्ट ऐका. करोनाच्या दिवसांत लेकीच्या बाळंतपणाला मला दुबई गाठायची होती. इंदापूरहून बारामतीला जाऊन टेस्ट केली, रिपोर्ट चांगला आला, बॅगही भरली. आणि लेकीचा फोन, "आई, नियम बदलला. बहात्तर तासांचा रिपोर्ट आता चालत नाही, अठ्ठेचाळीस तासांतलाच लागतो."

दिवस मोजले, तर दुसरी टेस्ट नेमकी हरतालिकेला आली! माझा उपवास निर्जळी. घशात काडी घातली तर उपवास मोडायचा, आणि टेस्ट नाही केली तर विमान चुकायचं. देवीला हात जोडले आणि लॅब गाठली. तिथल्या सिस्टरना हळूच विचारलं, "घशातून न घेता नाही का चालणार?"

त्या हसल्या. "काकू, माझाबी निर्जळीच हाय. सकाळपासनं एका बाईचा घसा बघितला न्हाय, सगळ्यांची नाकंच धरलीत!"

काडी नाकात इतकी वर गेली की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, थोडं घशातही उतरलं. मी घाबरले. "अगंबाई, पाणी गेलं की पोटात!"

"जाऊ द्या हो. ते घरचंच पाणी हाय, बाहेरचं न्हाय."

रिपोर्ट वेळेत मिळाला, विमान गाठलं आणि चौथ्या दिवशी नात मांडीवर घेतली. उपवास मोडला असता, तर देवीनं एवढा गोड प्रसाद दिला असता का, तुम्हीच सांगा!