अंगठ्याची लाल चिंधी

नाही नाही, ते ‘शूर’ वगैरे आधी खोड. सत्काराच्या पुस्तिकेत छापायचंय ना तुला? मग खरं छाप. आम्हा बारा नर्सना युद्धावर पाठवलं तेव्हा बायकांच्या मापाचे बूटच नव्हते — पुरुषांचे दिले, पुढे कापूस कोंबायचा आणि फेंगडं फेंगडं चालायचं, बदकांची रांग नुसती! शूर म्हणे. आणि आमचे मोठे डॉक्टरसाहेब, आम्हाला ‘घाबरू नका पोरींनो’ म्हणणारे, पहिला बॉम्ब पडला तेव्हा स्वतः चादरींच्या कपाटात — हे नको लिहूस. बरं, लिही. गेले ते आता.

तो भिंतीवर फोटो आहे ना, तेच साहेब. मी कशाला लावतेय? आमच्या आचारीबुवांनी लावलाय — आमचे यजमान गं, आत चहा करताहेत ते, पलटणीत आचारी होते. रोज पुसतात फोटो. आल्यागेल्याला ऐकवतात, ‘माझं पोट फाटलं होतं, पण साहेबांनी एका नजरेत ओळखलं, हा गडी जगणार!’ एका नजरेत! साहेबांना चष्म्याशिवाय स्वतःचं ताट दिसत नसे.

मग कोणी ओळखलं? अगं, ओळखतंय कोण! गाड्या भरभरून जखमी यायचे आणि टेबलं दोनच. साहेब रांगेतून भराभर जात रंग ओरडायचे, आम्ही त्या रंगाची चिंधी पायाच्या अंगठ्याला बांधायची — अंगठ्यालाच, कारण कपडे कापून टाकलेले असत. लाल म्हणजे आधी टेबलावर. पिवळी म्हणजे थांबेल. काळी म्हणजे — वेदनेचं इंजेक्शन द्यायचं आणि वेळ असला तर हात धरून बसायचं. टेबलाशी साहेब तोंडं बघत नसत, चिंधी बघत.

आचारीबुवांना कुठली सांगितली? जाऊ दे ना... काळी. अगदी स्पष्ट. मी काळी चिंधी घेऊन वाकले, तर हा गृहस्थ, आतडी बाहेर आलेली, मला म्हणतो कसा, ‘बाई, चुलीवर पातेलं ठेवून आलोय, कोणाला तरी उतरवायला सांगा, करपलं तर सगळे माझ्या नावानं बोंब मारतील.’ मी हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, चांगली खदखदून. आणि हसता हसता लाल बांधली. प्रेमबिम नाही हं, तसलं काही छापू नकोस — दाढी वाढलेली, अंगाला कांद्याचा वास. हसवलं, बस, एवढंच कारण.

जगला की! बघ ना, कसा भांडी आपटतोय. साहेब म्हणाले, चमत्कार. मी म्हटलं, हो साहेब.

थांब, पेन खाली ठेव जरा. टेबलं दोनच म्हटलं ना मी? शेजारी एक ड्रायव्हर होता, खरा लालवाला. शुद्धीवर होता. मला विचारत होता, ‘सिस्टर, माझ्या आधी किती?’ मी म्हटलं, ‘एकच.’ तो ‘बरं’ म्हणाला. तासाभरानं त्याचा नंबर लागला तेव्हा तो गेलेला होता, त्याची चिंधी मलाच सोडावी लागली — धुऊन परत वापरायच्या असत ना. गाठ सुटेना, मीच आवळून बांधलेली. शेवटी दातांनी सोडवली.

वाईट वाटतं का म्हणून काय विचारतेस! चाळीस वर्षं हा माणूस मला हसवतोय आणि दर वेळी वाटतं, हे त्या ड्रायव्हरचं हसतेय मी. आणि तरी हसते. निर्लज्ज आहे मी, दुसरं काय.

कप वाजले. ते पान फाड. फाड गं लवकर! त्याला माहीत नाही — या, या आचारीबुवा! काही नाही हो, तुमच्या साहेबांचंच कौतुक चाललं होतं. तुम्हीच सांगा हिला, एका नजरेत कसं ओळखलं ते.