खाली राहिलेला दोस्त

संगमनेरच्या दातांच्या दवाखान्यात नृसिंहराव ठणकणारा गाल धरून पुस्तक वाचत होते. पण शेजारी मोबाईलमध्ये डोकं घातलेल्या आजी-नातीमुळे पान काही उलटत नव्हतं.

"आजी, हा पांढरा गोळा माझा दोस्त. लिमलेटची गोळी दिली की शिडी होतो, छत्री होतो."

"लई गुनाचा हाय. मग आता कुठं गेला?"

"शिडी होऊन त्याने मला वर चढवलं. तो खालीच राहिला. दार बंद व्हायला आलंय, मी जाते पुढे."

"ज्याच्या पाठीवर पाय देऊन चढलीस, त्यालाच टाकून?"

"आजी, गेम आहे गं!"

"असंना का. हाक मार त्याला."

"हाकेचं बटण दाबलं की! येतच नाही."

"बटनानं कुनी येतंय व्हय, ज्ञाने? आन हिकडं मोबाईल. ये ये ये! ये रं माझ्या राजा, ये!"

कंपाउंडर धावत बाहेर आला.

"रतनबाई, ओरडू नका. तुमचाच नंबर आहे, चला आत."

"थांब रं. आमचं एक जनावर खाली राह्यलंय. तवर ह्या बाबांना घे."

नृसिंहरावांनी पुस्तक मिटलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

"नको, नको. आधी ते वर येऊ द्या."