चारचौघांत सांगायचा निरोप

मंडळी, मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, जागा आहे. शांतावहिनी, मला नीट बोलता येईल का, माहीत नाही. सकाळपासून मनात जुळवत होतो. इथं दत्तूच्या शोकसभेत आल्यावर सगळं विस्कटलं. हवालदार दत्तू आणि मी एकाच दिवशी भरती झालो. एकाहत्तरच्या लढाईत एकाच पलटणीत होतो. म्हणून बोलायचं माझ्यावर आलंय.

आत्ता कुणीतरी म्हणालं, दत्तू शांत माणूस होता. नाही हो. गप्प होता. शांत कधीच नव्हता.

लढाईत त्याची चौकी पडली. जखमी दत्तू शत्रूच्या हाती लागला. वर्षभर कैदेत. डोळ्यांवर पट्टी बांधून मारायचे. उजवा कान गेला तो तिथंच. सुटून गावी आला, तेव्हा मी धावत भेटायला गेलतो. वाटलं, गळ्यात पडेल. तर म्हणाला, "तिकडं इचारत हुते, हिकडचं सांग. हिकडं आलो तर आपलेच इचारत्यात, तिकडं काय सांगितलंस? मी कुनाचा हाय रं?"



निवृत्तीनंतर तो कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर लागला. शिफ्ट सुटली की कामगारांची अंगझडती घ्यायची. यानं साहेबाला सांगितलं, "पिशवी बघतो. मानसाच्या अंगाला हात लावनार न्हाय." साहेब म्हणाले, नियम आहे. दत्तूनं शिट्टी टेबलावर ठेवली आणि घरी आला. वहिनी, तुम्ही त्या दिवशी त्याला एका शब्दानं टोकलं नाहीत. मला ठाऊक आहे.

आता जे बोलणार आहे, ते जिनाप्पाअण्णांसाठी. अण्णा, उठू नका. बसा.

मंडळी, जयसिंगपूरचे हे आपले अण्णा त्या लढाईनंतर आपल्या मुलखातल्या छावणीवर पहाऱ्याला होते. शत्रूचे कैदी तिथं ठेवलेले. आपल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात अण्णा त्या छावणीबद्दल बोलले. कैद्यांना पोटभर जेवण, थंडीत कांबळी, सणाला गोडधोड. एका आजारी कैद्याला यांनी आपल्या वाटणीचं दूध दिलं. टाळ्या पडल्या. आणि दत्तू उभा राहिला.

"आन् आमास्नी कुनी दिलं?"

एवढंच बोलला आणि निघून गेला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. आपल्यातही तट पडले. कुणी म्हणालं, उगाच लाड केले त्यांचे. कुणी म्हणालं, ते तसे वागले म्हणून आपणही तसंच वागायचं काय? नातवंडं असलेली माणसं आपण, पण चहाच्या गाड्यावर हमरीतुमरीवर आलो. आठवतंय ना?

गेल्या आठवड्यात दवाखान्यात मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो. विचारलं, "दत्त्या, अण्णांना बोलावू का?"

"नगं. माझ्याच्यानं हुनार न्हाय."  मग म्हणाला, "त्यास्नी सांग. तुमी केलासा त्ये बरोबर केलासा. त्यो आजारी मानूसबी कुनाचं तरी पोरगं हुतं. पर माझ्याफुडं सांगू नगासा. मला सोसत न्हाय."

मी म्हटलं, "जयसिंगपूरला जाऊन सांगून येतो."

"घरात न्हाय. मी चारचौघांत उठून गेलतो. चारचौघांतच सांग."

अण्णा, सांगितलं.

मंडळी, म्हणून तो शेवटी निवळला असं घरी जाऊन सांगू नका. त्याचा राग गेला नव्हता. त्याची माफी कुणी मागितली? तिकडच्यांनी? इकडच्यांनी? कुणीच नाही. तो राग घेऊनच गेला. आणि खरं सांगू? माझाही गेलेला नाही. 

आता दोन मिनिटं उभे राहूया. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी बसूनच. मनात जे येईल ते येऊ द्या. राग आला, तर राग येऊ द्या.

अण्णा, असे मागं नको. इकडं या, वहिनींच्या शेजारी उभे राहा.

हवालदार दत्तू, तुझ्या दोस्तांचा सलाम घे. जय हिंद.