वखारीपाशी वळा

…नाही, पण मी म्हणतो, छातीत कळ आलेल्या माणसाने काय करावं? गप पडून राहावं, घाम पुसावा, सुचलं तर देवाचं नाव घ्यावं… आणि मी काय करत होतो माहितीये? वखार आधी की तळं आधी, यावर वाद घालत होतो. सोफ्यावर आडवा पडून. शर्टाची बटणं उघडी टाकून.

तुम्हाला सांगतो, आमचं उपनगर तसं गुणी आहे. झाडं आहेत, भांडणं मापात आहेत, आपण इकडे खोकलो की पलीकडच्या बाल्कनीतून औषधाचं नाव येतं. फक्त पत्त्याची बोंब. म्हणजे कागदावर पत्ता आहे, पण वापरणार कोण? गल्ल्यांना नंबर दिले ते बांधल्या त्या क्रमाने, त्यामुळे तिसरीनंतर येते अकरावी, अकरावीला खेटून चौथी, आणि आमची सातवी कुठे आहे ते सातवीतल्यांनाच ठाऊक. मग लोक खुणा सांगतात. आणि खुणा तरी कसल्या… वखारीपाशी वळा. कुठली वखार? लाकडाची. आता नाही ती, पण तिथंच.

आम्ही लग्न होऊन इथे आलो ना, तेव्हा रस्ता वखारीपर्यंतच होता. पुढे चिखल, चिखलापुढे तळं, आणि तळ्याकाठी आमची इमारत, म्हाताऱ्याच्या तोंडात एकच दात राहावा तशी. पहिल्या संध्याकाळी बेडकांनी असा काही सूर लावला की ही माझ्याकडे बघून म्हणाली, "शेजारी बरेच दिसतात. ओळख करून देणार का?" मला वाटलं, उद्या माहेरी जाते आता. नाही गेली. मग माणसं येत गेली, रस्ता पुढे सरकत गेला, वखारीच्या जागी थिएटर झालं, थिएटरच्या जागी फर्निचरचं दुकान, आता काचेची बँक आहे. तळं बुजवलं, मैदान केलं, मैदानावर इमारती चढल्या. पण अजून आम्ही एकमेकांना म्हणतो, संध्याकाळी तळ्यावर भेटू. आणि भेटतो की. आता नाही ते, पण तिथंच.

तर त्या दिवशी दुपारी जेवून उठलो आणि छातीवर कुणीतरी कपाट ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड. हिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि अँब्युलन्सला फोन लावला. पत्ता सांगितला, तिकडून होकार आला, झालं… आणि थोड्या वेळाने ड्रायव्हरचा फोन.

"काकू, मी सहाव्या गल्लीच्या टोकाला आहे. पुढे सातवी नाहीये. इथे भिंत आहे."

"सहावीत कशाला गेलात? मागे फिरा, वखारीपाशी वळा."

"वखार कुठंय?"

"बँक आहे ना, ती."

"मग बँक म्हणा ना काकू."

"बरं, बँक. तिथून तळ्याला वळसा घाला…"

"काकू, तळं दिसत नाही."

"कसं दिसेल? बुजवलं ना ते!"

तेवढ्यात आमचे कर्नल आले. कर्नल म्हणजे शेजारी, फौजेत कधी नव्हते, आयुष्यभर विम्याच्या ऑफिसात, पण मिशी तशी आहे. त्यांनी फोन घेतला. "ऐका, मी सांगतो. आधी तळं लागेल, मग वखार." ही म्हणते, "अहो, आधी वखार." कर्नल म्हणतात, "वहिनी, मी इथे पहिल्यापासून आहे." आता हे मला कसं सहन व्हावं? पहिल्यापासून आम्ही! हे आले तेव्हा नळाला पाणी आलं होतं! मी पडल्या पडल्या म्हटलं, "कर्नल… आधी… वखार." तिकडून ड्रायव्हर विचारतोय, "हे कोण बोलले?" ही म्हणाली, "पेशंट."

हसताय तुम्ही. मीही हसत होतो. पण मग माझं लक्ष हिच्या हाताकडे गेलं. आवाज खणखणीत, पण हात… माझ्या शर्टाची उघडी बटणं परत लावत होता, तीही एकेक चुकीच्या काजात. इतक्या वर्षांत हिला घाबरलेली मी पाहिली नव्हती. बेडकांना नाही घाबरली, चिखलाला नाही घाबरली. मी वाद सोडला. म्हटलं, आधी तळं तर तळं, पण येऊ दे बाबा याला.

मग हिने काय केलं, फोन कर्नलांकडे ठेवला, बाल्कनीत गेली आणि खालच्या टेलरमास्तरांना हाक मारली. "मास्तर, यांना बरं नाही, गाडी चुकलीय." बस्स, एवढंच. मास्तर गळ्यातल्या टेपसकट उठले, कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. त्यांनी बेकरीवालीला सांगितलं, ती पुढच्या वळणावर, पिठाच्या हातांनी. तिने सायकलवाल्याला, त्याने आणखी कुणाला… पार वखारीपर्यंत, म्हणजे बँकेपर्यंत, प्रत्येक वळणावर एक माणूस हात लांब करून उभा. स्ट्रेचरवरून नेताना ड्रायव्हर मला म्हणाला, "काका, तुमच्याकडे पत्ता एकालाही सांगता येत नाही, पण दाखवला सगळ्यांनी."

एक रक्तवाहिनी बंद होती. उघडली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. ही खुर्चीत बसली आणि पहिल्यांदा रडली.

आता घरी आहे. फिरायचं बेतानं, मीठ कमी, बाल्कनीत बसायचं. परवा बसलो होतो, तर समोरच्या इमारतीत नवीन आलेली मुलगी खाली फोनवर कुणाला तरी घराचा रस्ता सांगत होती. "अहो, ते अटॅकवाले काका होते ना, त्यांच्या समोर."

होते? मी वाकून म्हटलं, "बाळ, मी अजून आहे."

तिने वर बघितलं, जरासुद्धा न लाजता म्हणाली, "हो काका, तिथेच उभे राहा ना जरा, त्याला दिसताय तुम्ही."

राहिलो उभा. काय करता… एक हातही लांब केला.