पंखाला घास

शालनकाकूंनी प्लेनोच्या आपल्या स्वयंपाकघरात, कणीक मळता मळता सांगितलेलं

माझं माहेर बार्शीचं. तू पुण्याची, तुला बार्शी म्हणलं की काय आठवणार, पण आमच्या लहानपणी बाजाराच्या दिवशी धान्याची एवढी पोती उतरायची की रस्ता दिसायचा नाही, आणि पोती आली की दाभण आलंच, दाभण म्हणजे पोतं शिवायची मोठी जाड सुई, ते लक्षात ठेव, पुढं लागणार आहे. वडील आडत दुकानात कामाला होते आणि आई गोधड्या शिवायची, घरच्या शिवायची, दारच्या शिवायची, मी तिच्या मांडीला मांडी लावून बसायची, त्यामुळं माझ्या हातात पाटीच्या आधी सुई आली. आणि आईची एक रीत होती. गोधडी सगळी शिवून झाली की शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, आत पोळीचा तुकडा सारायचा, वर गुळाचा खडा, आणि मग तो कोपरा बंद करायचा. का गं आई, म्हणलं, तर म्हणायची, जी दुसऱ्याला ऊब देणार तिनं उपाशी का राहावं. आता काय सांगू तुला, ही रीत माझ्याबरोबर अमेरिकेला येईल आणि एका विमानात जाऊन बसेल असं कुणी म्हणलं असतं तर आईनं त्याला वेड्यात काढलं असतं.

लग्न झालं आणि मी ह्यांच्याबरोबर प्लेनोला आले. हे आत्ताचे मोठमोठे कॅम्पस, हायवे, तसलं काही नव्हतं तेव्हा, घरामागं शेत होतं. हे टेलिफोनच्या कंपनीत इंजिनियर, आणि मला इंग्रजी येत नाही, गाडी येत नाही, दिवसभर भिंती बघत बसायची. मग कोपऱ्यावरच्या ड्राय क्लीनरला ऑल्टरेशनसाठी बाई हवी आहे असं कळलं, मी गेले, बोलता येत नव्हतं म्हणून सुई घेऊन शिवूनच दाखवलं. त्या दुकानात माझं आयुष्य गेलं, आणि चांगलं गेलं, वाईट कशाला म्हणू. इथल्या लोकांच्या लांब पँटा आणि आपल्या लोकांचे आखूड पाय, मध्ये माझं मशीन. त्या मशीननं मला इंग्रजी शिकवलं, गाडी शिकवली, माझ्या केतकीला कॉलेजात घातलं. रिटायर झाले त्या दिवशी मी मशीनला हळदकुंकू लावलं, मालक बघत राहिला, म्हणाला, शालन, इज इट युवर बर्थडे?

तर हे. ह्यांना लहानपणापासून विमानाचं वेड, आणि इथं आल्यावर कळलं की ह्या देशात माणूस स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधू शकतो, सरकार बघायला येतं, पास करतं, मग उडवायचं. झालं. लोकांच्या गॅरेजमध्ये गाड्या, आमच्या गाड्या वर्षानुवर्षं उन्हात आणि गॅरेजमध्ये विमान. इथल्या मराठी मंडळातल्या बायका मला म्हणायच्या, काय शालनताई, यंदा गणपती विसर्जनाला विमानानं का? मी पण हसायची, आणि घरी येऊन ह्यांच्यावर चिडायची. मग एक दिवस म्हणाले, शालन, इस्त्री घेऊन ये जरा. मला वाटलं शर्टाला. गॅरेजमध्ये जाऊन बघते तर पंखाचा नुसता सांगाडा, लाकडाच्या फासळ्या, आणि त्यावर कापड चढवलेलं, आणि त्या कापडाला इस्त्री करायची, म्हणजे ते आकसून ताशासारखं ताणलं जातं. अगं, कापडाचं विमान! मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मग ते कापड प्रत्येक फासळीला शिवायचं, मेणाचा दोरा आणि हातभर सुई, वरून घालायची, खालून काढायची, गाठ मारायची. मी ती सुई बघितली आणि म्हणलं, अहो, हे तर दाभण. ह्यांचे टाके बघून मला हसू आवरेना, म्हणलं, सरका तिकडं. त्या दिवसापासून विमान आमच्या दोघांचं झालं.

आणि मग व्हायचं तेच झालं. दुसऱ्या पंखाचा शेवटचा कोपरा चिकटवायचा राहिला होता, हे चहा प्यायला आत गेले, मी पोळीचा तुकडा आणि गुळाचा खडा आत सारला आणि कोपरा बंद केला. माणसाला घेऊन वर जाणार, त्यानं उपाशी का राहावं? विमान उडालं, छान उडालं, आणि काही महिन्यांनी हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमध्ये, बघतात तर उंदरानं पंख कुरतडलेला. हँक म्हणून एक म्हातारा टेक्सन होता, त्यानं कितीतरी विमानं बांधलेली, हे त्याला गुरू मानायचे. त्यानं भोकात बोटं घालून वाळका तुकडा काढला, इकडून बघितला, तिकडून बघितला, म्हणाला, पंखात टॉर्टिया कुणी ठेवली? हे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणलं, टॉर्टिया नाही ती, पोळी आहे, आणि मी ठेवली. आणि का ठेवली ते पण सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आईसकट सगळं. मला वाटलं आता हसणार. हँक हसला नाही. टोपी काढली, म्हणाला, मॅडम, पंखाला जरूर जेवू घाला, पण बाहेरून घाला, उंदरांना आमंत्रण नको.

त्या उत्तरात माझं अर्धं आयुष्य आहे बघ. कारण हँक आणि त्याची बायको रूथ, ही दोघं दरवर्षी ऑक्टोबरात मोठा मेळा भरवायची. इथून उत्तरेला, ओक्लाहोमाच्या बाजूला, एका छोट्या गावाचा विमानतळ, विमानतळ म्हणजे काय, विमान उतरायची एक पट्टी आणि बाकी गवत. तिथं देशभरातनं माणसं घरी बांधलेली विमानं उडवत यायची, दातांचे डॉक्टर, ट्रक चालवणारे, शाळेतल्या मास्तरणी, आणि आपापल्या पंखाखाली तंबू टाकून झोपायची. रूथनं मला एक तंबू दिला. त्यात कुणाचातरी अर्धवट पंख लाकडी घोडीवर ठेवायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक एक टाका घालायचा, मी शिकवायची. शेवटच्या दिवशी शेवटच्या गाठीआधी सगळ्यांनी पंखाला हात लावायचा आणि पोळी-गुळाचा एक घास खायचा, पंखाच्या नावानं. मग गाठ. फीड द विंग म्हणायचे त्याला. टोपीवाले सहा सहा फुटी बाप्ये गुळासाठी हात पुढं करून उभे, मला दर वर्षी आई आठवायची आणि भरून यायचं.

मग हँक गेला. कोविडच्या वर्षी मेळा कॅन्सल केला, त्याच्या पुढच्या वर्षी इन्शुरन्स जमेना, मग रूथ थकली, आणि एकदा मोडलेली गोष्ट मोडलेलीच राहिली. त्यातच ह्यांची बायपास झाली. केतकी लांब बॉथेल गावाहून आली, सॉफ्टवेअरमध्ये आहे ती तिकडं, आणि येता येताच म्हणाली, बाबा, नो मोअर फ्लाइंग, दॅट्स इट. ह्यांनी ऐकलं. पण उडणं गेल्याचं ह्यांना एवढं वाटलं नाही, मेळा गेल्याचं वाटलं. हँगरला जायचे बंद झाले. सकाळी खुर्ची खिडकीत घ्यायची आणि बसायचं. एक दिवस म्हणाले, विमान विकून टाकू. मला भीती विमानाची नव्हती गं, विमान गेलं तर हा माणूस त्या खुर्चीतनं परत उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून जेव्हा रूथचा फोन आला, की गाववाले मैदान द्यायला तयार आहेत, जुने लोक झूमवर बोलणार आहेत, तेव्हा मी देव्हाऱ्याला हात जोडले आणि झूमला बसले. हे बसले नाहीत. तास झाला, सगळे पट्टी, वारा, रेडिओ ह्यावरच बोलत होते. शेवटी मी म्हणलं, एक विचारू का, माणसं आल्यावर खाणार काय? अगं, आमच्या मंडळाचा गणपती मी वर्षानुवर्षं बघितलाय, आम्ही मूर्तीच्या आधी आचारी ठरवतो. चहा कोण करणार, टॉयलेट कुठं, गाड्या कुठं लावायच्या, हे ठरलं की उत्सव आपोआप होतो. रूथ म्हणाली, शालन, मग तूच सांग. मी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर टाकलं, आणि तुमच्यासारखी पोरं धावून आली बघ, काकू, विमानांची जत्रा? सॉलिड यार! कुणी वेबसाइट केली, कुणी इन्शुरन्सवाल्याशी भांडलं. ज्यांनी आयुष्यात छोट्या विमानाला हात लावला नव्हता त्यांनी हे केलं, माझ्यासाठी केलं, मी कुठं फेडू हे.

तंबूसाठी पंख मात्र मिळेना. मग मी एक केलं. आमच्याच विमानाचं कापड जुनं झालं होतं, बदलायलाच हवं होतं, हे म्हणायचे आता कशाला. हँगरची किल्ली मी ह्यांच्या विमानाच्या क्लबातल्या डगला दिली, भला माणूस, त्यानं ह्यांना न कळता दोन्ही पंख उतरवले, जुनं कापड काढलं आणि डावा मेळ्याच्या तंबूत नेऊन ठेवला.

मेळ्याच्या पहिल्या सकाळी हे येत नव्हते. मोकळं मैदान काय बघायचं, म्हणाले. मी म्हणलं, माझा गुडघा दुखतोय, पोह्यांचं सामान कोण नेणार? गुडघा चांगला ठणठणीत होता. आले बिचारे. आणि बघते तर आभाळ खाली आलेलं, ढग झाडांना टेकलेले, असल्यात छोटं विमान निघत नाही. गवत कापलेलं, मांडव घातलेले, पोह्यांना वाफ आलेली, आणि विमान एक नाही. रूथ खुर्चीत शाल गुंडाळून वर बघत बसलेली. त्यात हे फिरत फिरत माझ्या तंबूत आले आणि त्यांना तो पंख दिसला. स्वतः तासलेल्या फासळ्या माणूस ओळखणार नाही का? एवढे चिडले, मला न विचारता माझं विमान उघडलंत? मेळ्यासाठी आलेली केतकी तिथंच होती, ती मध्ये पडायला गेली तर तिच्याकडं बघितलं पण नाही, तरातरा गेले आणि गाडीत जाऊन बसले, दार आपटून. मी पोहे ढवळत राहिले. डोळ्यातलं पाणी पोह्यात पडू नये एवढंच बघत होते.

दुपारकडं ढग फाटले. आधी एक घरघर, मग एक पिवळं विमान, मग त्याच्यामागं दुसरं, तिसरं, मग अगं रांगच लागली! पोरं ओरडायला लागली, रूथ उभी राहिली. आणि पार्किंगला होती आमची मंडळाची मुलं, ती गणपतीला गाड्या लावतात तशी विमानांना हात करायला लागली, आने दो, आने दो, सर, थोडं लेफ्ट! एका विमानाचा पंख दुसऱ्याच्या शेपटीला आता लागतो की मग लागतो. गाडीचं दार उघडलं. हे आले, जवळजवळ पळतच, एका मुलाच्या हातातनं झेंडे काढून घेतले आणि मैदानाच्या मधोमध उभे राहिले, जसे हँकच्या वेळी राहायचे तसे. संध्याकाळपर्यंत एकेक विमान ह्यांनी लावलं. उतरणारा प्रत्येक जण ह्यांना मिठी मारत होता, कुठं होतास म्हणत होता. मी लांबून बघितलं आणि मनात म्हणलं, देवा, आता काही मागत नाही.

नंतर तंबूत आले. हात धुतले, माझ्या शेजारी बसले, माझ्या हातातलं दाभण घेतलं आणि म्हणाले, दोरा सैल पडलाय तुझा. पडला नव्हता, पण मी म्हणलं, असेल. शेवटच्या दिवशी गर्दी एवढी की सगळ्यांचे हात पंखाला पुरेनात, तर मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्याला हात लावले. रूथनं घास घेतला, डगनं घेतला, केतकीनं रडत घेतला आणि म्हणाली, ओके बाबा, डग उडवेल, तुम्ही शेजारी बसा, ओन्ली दॅट. शेवटची गाठ ह्यांनी मारली.

आता रोज सकाळी हँगरला जातात, म्हणून तर ही एवढी कणीक, डग असतो, अजून कोण कोण असतात. मी परवा म्हणलं, उजव्या पंखाला पण कापड चढवून टाकू की घरीच, आपल्याला काय अवघड आहे, वसंतात उडेल तरी विमान. तर हे म्हणाले, नाही, त्याला हात लावायचा नाही, तो तसाच उघडा राहू दे, तो ऑक्टोबरात मेळ्यात शिवायचा. मी म्हणलं, अहो, तोवर एका पंखाचं विमान घेऊन काय करायचं? म्हणाले, म्हणूनच. सगळ्यांना यायलाच लागेल.

तू पण ये गं. एक टाका तुझा. आणि घे, ही पोळी गरम आहे, आधी खाऊन घे.