बंकटरावांच्या नावानं जाणारी पत्रं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, संस्थेचे सचिव माननीय रामप्रसादजी, आदरणीय मुख्याध्यापिकाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती बंकटराव, आणि धारूरचा घाट चढून आलेल्या माझ्या माजी विद्यार्थी-विद्यार्थिनींनो,

बंकटराव, आपल्या शाळेचे मुख्य लिपिक, आज निवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी चार चांगले शब्द बोलावेत म्हणून मला उभं केलंय. बोलतो. पण आधी एवढं सांगू द्या, की मला या माणसाचा हेवा वाटतो.

मी मराठीचा मास्तर. या पोरांना चालीवर कविता म्हणायला मी शिकवलं. खिडकीबाहेर किल्ल्यावर ऊन कलायचं आणि सगळा वर्ग एका सुरात डोलायचा. तो सूर अजून कानात आहे. म्हणून तर निवृत्तीनंतर माजी विद्यार्थी संघाचा पत्रव्यवहार मी मागून घेतला. पोरांची उत्तरं मला यावीत, दुसरं काय?

आमच्या संगणक शिक्षिका अंजलीताईंनी ऑफिसात आधी बंकटराव वापरायचे त्या संगणकावर माझा ई-मेलचा प्रोग्राम डिफॉल्ट करून दिला, म्हणजे पत्र आपोआप माझ्याच नावानं जावं. मी संघाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव निवडायचो, 'ई-मेल करा' दाबायचो, आणि उघडायचा बंकटरावांचा जुना प्रोग्राम. मजकूर माझा, पत्र त्यांच्या नावानं. उत्तरही मग त्यांनाच.

"ताई, सेटिंग पुन्हा बघा."

"सर, सेटिंग तुमचीच हाय. पण हे सॉफ्टवेअर सेटिंगला इचारीतच न्हाई. जुनं तेच धरून बसलंय."

"मग मी कशाला बसलोय इथं?"

"च्या सांगू का, सर?"

शेजारच्या टेबलावर बंकटराव ती उत्तरं मोठ्यानं वाचायचे. आणि उलट काय लिहायचे? "जेवलास का? आई कशी हाय?" संपलं. या गृहस्थांना यमक ठाऊक नाही, मंडळी. तरी पोरं त्यांना पानभर लिहायची.

मागच्या आठवड्यात, बंकटरावांचं खातं बंद व्हायचं म्हणून, ताईंनी तो जुना प्रोग्रामच काढून टाकला. दुसरा कुणी उरला नाही, तेव्हा सॉफ्टवेअरनं निमूट माझा उघडला. आजचं निमंत्रण माझ्या नावानं गेलं. पहिलं उत्तर नवनाथचं. बीडच्या कोर्टात वकील आहे, तिसऱ्या रांगेत बसलाय. वर्गात याच्यासारखा गळा कुणाचा नव्हता. मी चष्मा पुसून वाचलं: "सर, बंकटकाकांचा सत्कार ना? मग येतो."

मी त्याला त्याच्या आवडत्या कवितेचं अर्धं कडवं पाठवलं, म्हटलं, पुरं कर. उत्तर आलं, "सर, काकांना शाल कोणत्या रंगाची घेऊ?"

हसा, हसा. त्या दिवशी मी जेवलो नाही. आणि जेवलो का, हे मला कुणी विचारलंही नाही.

म्हणून आज सकाळी बंकटरावांना एक विनंती केली. म्हटलं, दर शनिवारी शाळेत येत जा. पोरांच्या पत्रांना उत्तर तुम्ही सांगा, मी टाइप करतो. पण खाली नाव माझं राहील. एवढा स्वार्थ म्हातारपणी चालून जावा.

ते सहज म्हणाले, "टाका की सर तुमचंच नाव. पोरं वळखतीलच."

शनिवारी त्यांची खुर्ची मी मांडून ठेवणार आहे.

अध्यक्षमहोदय, मला वेळ दिलात, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. सत्काराच्या जागी कुठे माझीच तक्रार डोकावली असेल, तर ती वयाच्या खात्यावर टाकून मला क्षमा करावी.