मागच्या वर्षी कितीला बंद झालं?

नाही, पण मी म्हणतो, सकाळी सात वाजता? अंगणातला सडा अजून वाळला नाही, आणि माणसानं दुसऱ्याच्या क्वार्टरपुढे पोराची गुणपत्रिका घेऊन उभं राहायचं? तेही एक नाही, दोन नाही, सहा-सहा जणांनी! बसा आता, आलात तर बसा त्या पायरीवर, पण कडी वाजवू नका. कौतिक नाना बाहेर येणार नाहीत. मी शेजारचा भाईदास. इथं दीपनगरच्या पॉवर हाऊसला, कंट्रोल रूममध्ये, बारा वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतोय, म्हणून हक्कानं सांगतोय. आणि तुम्ही काय विचारणार तेही मला ठाऊक आहे. 'नाना, मागच्या वर्षी कितीला बंद झालं?' हेच ना? अहो, वांग्यांचा भाव विचारावा तसं विचारतात लोक!

तुम्हाला सांगतो, नानांची ती वही... लाल पुठ्ठ्याची, लांबट. ड्यूटीवर आम्ही दर तासाला मीटर बघून आकडे लिहितो, तो हात बसलेला, मग माणूस घरी येऊन दुसरं काय लिहिणार? मेडिकल, इंजिनीअरिंग, शेतकी, पॉलिटेक्निक, कोणतं सरकारी कॉलेज किती मार्कांवर बंद झालं, सगळं रकाने आखून! कुणाच्या पत्रातून, कुणाच्या भाच्याकडून, कधी स्वतः धुळ्याला जाऊन नोटीस बोर्डापुढे उभं राहून. बारावीचा निकाल लागला की याच ओट्यावर दवाखान्यासारखी रांग. नाना चष्मा चढवणार, गुणपत्रिका उन्हात धरून बघणार, जसा काही बोर्डानं खोटा कागद दिलाय. 'फिजिक्स किती? केमिस्ट्री? बायो?' ओठ हलवत बेरीज, बोटाला थुंकी, पान उलटलं, की निदान! आणि निदानं तीनच. 'होईल.' 'काठावर आहे.' आणि तिसरं, चष्मा काढून, अगदी हळू, 'अवघड आहे.' ते ऐकलं की बाप तिथल्या तिथं पोराकडे असा बघायचा की पोरगं चप्पल न घालताच पळायचं! एका वर्षी कॉलनीतल्या सुंदरबाईंनी वहीला हळद-कुंकू वाहिलं होतं, खरं सांगतो, अजून डाग आहे पुठ्ठ्यावर. आणि सात वर्षांत नाना एकदा चुकले नाहीत. एकदाही नाही! "आकडा खोटं बोलत नाही, भाईदास," असं म्हणायचे, आणि मी मान डोलवायचो. मी काय, मी डोलवणारच.

आता त्यांची कोकिळा. तुम्ही पाहिली असेल, सायकलवरून भुसावळला कॉलेजात जाते ती. बारावीच्या प्रॅक्टिकलला या पोरीनं बेडूक असा उघडला, असा उघडला, की बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "बाळ, हा बेडूक टाकून देऊ नकोस, मागच्या पोरांना दाखवायचाय." बाकीच्या पोरी नाकाला रुमाल लावून उभ्या, आणि ही टाचण्या मागतेय! तो पुना फिटर, इथंच कॉलनीत पत्र्यानं त्याचा हात इथून इथपर्यंत फाटला, गॅलरीभर रक्त, पुना स्वतःचा हात बघून आडवा झाला, आम्ही चार पुरुष 'अरे पाणी आणा, अरे कांदा आणा' करत नुसते नाचतोय, आणि या पोरीनं ओढणी फाडली, घट्ट बांधली, हात वर धरला आणि आम्हालाच म्हणाली, "काका, नाचू नका, रिक्षा आणा." सोळा वर्षांची होती! त्या दिवसापासून अख्ख्या कॉलनीत तिचं नाव डॉक्टरीणबाई. नाना वरवर रागवायचे, 'उगाच चढवू नका तिला'... पण मिशीत हसू मावायचं नाही.

मागच्याच वर्षीचा जून. निकाल लागला, तीनशेपैकी दोनशे सहासष्ट! मी म्हटलं, नाना, पेढे. नाना म्हणाले, थांब. आणि वही काढली. स्वतःच्या पोरीसाठी! तसाच चष्मा, तशीच थुंकी. धुळ्याचं मेडिकल, आधी दोनशे एकोणसत्तर, नंतर दोनशे एकाहत्तर. म्हणजे यंदा दोन वाढणार, दोनशे त्र्याहत्तर धरा... कोकिळा समोर उभी, वेणीचं टोक बोटाला गुंडाळत. "बाबा, मागच्या वर्षी कितीला बंद झालं?" तिनंही तेच विचारलं! आणि नानांनी चष्मा काढला. तुम्हाला सांगतो, बापानं चष्मा काढल्याबरोबर पोरगी आत निघून गेली. तिला निदान माहीत होतं ना, लहानपणापासून ऐकत आली होती.

तरी फॉर्म भरला होता हो! कोकिळाची आई, पुष्पाबाई, मागेच लागल्या होत्या, "भरी टाका ना तो फॉर्म, काय जास आपलं?" पोरीनं मोत्यासारख्या अक्षरात भरला, फोटो चिकटवला, मूळ दाखले जोडले, खाली सही. मी धुळ्याला साडूकडे निघालोच होतो, म्हटलं, आणा, मी देतो नेऊन. पिशवीत ठेवला, भुसावळच्या स्टँडवर गाडीत बसलो, गाडी सुरू झाली, आणि बघतो तर सायकल टाकून नाना धावतायत! म्हटलं, काय राहिलं? खिडकीशी आले, धाप लागलेली, "भाईदास, दे तो फॉर्म परत." अहो, का? "मूळ दाखले धुळ्याला अडकले तर इथं बी.एस्सी.चाही प्रवेश हुकायचा. आणि पोरले आशा लागस, मंग ती तुटस... नको." मी दिला. खिडकीतून हात बाहेर काढून दिला. कंडक्टर ओरडत होता, 'आटपा, आटपा!' आणि मी आटपलं. द्यायला नको होता. रोज वाटतं, नको होता द्यायला.

पुढं ऑगस्टात फैजपूरचे अभिमनभाऊ आले. त्यांची पोरगी कोकिळाच्याच वर्गातली. भला माणूस, एसटीतून खांद्यावर केळीचा घड घेऊन आला, घामानं डबडबलेला, दारातूनच ओरडतोय, "नाना, तुमच्या पोरीनं शिकोलं म्हनून झालं हो! लागला माह्या पोरीचा नंबर धुळ्याले! मले त काय समजते, म्या म्हनलं, भरून टाक, लागलं त लागलं!" किती होते मार्क? दोनशे बासष्ट! कोकिळापेक्षा चार कमी! का लागला नंबर? तर या गृहस्थानं नानांना विचारलंच नव्हतं!

आणि नानांनी काय करावं? सवय हो, हाताची सवय! वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "कितीला बंद झालं?" अभिमनभाऊ म्हणाले, "दोनशे एकसष्ट." नानांनी लिहिलं. २६१. खाली रेघ मारली, पट्टी लावून. आणि मग पेन तसंच राहिलं कागदावर, शाईचा ठिपका पसरत गेला... कोकिळा आतून बाहेर आली, म्हणाली, "काका, बसा, चहा टाकते." आणि घडातलं एक केळं तोडून बापाच्या हातात दिलं. बस, एवढंच! भांडली असती, रडली असती, तर बरं झालं असतं.

का घसरला आकडा, विचाराल. अहो, आदल्या पावसाळ्यात जळगावला आपलं विद्यापीठ वेगळं झालं होतं की! आधी पुणे, नगर, नाशिक, सगळ्यांची पोरं आपल्या पोरांच्या यादीत. हद्द वेगळी झाली, आपल्या हद्दीच्या जागांसाठी आपलीच पोरं उरली, मग आकडा खाली येणार की नाही? शेंबड्या पोराला कळेल! आणि कंट्रोल रूमला पेढे कुणी वाटले होते? नानांनी! 'आता पुण्याकडे तोंड करून बसायला नको' म्हणत! वहीत लाल शाईनं लिहूनही ठेवलंय, 'आजपासून आपले विद्यापीठ.' आणि पुढच्या जूनला त्याच लाल ओळीच्या वरचे आकडे धरून पोरीचा हिशोब केला. नानांना दिसलं नाही. मला तरी कुठं दिसलं? पेढा मीही खाल्ला होता. दोन खाल्ले होते.

बरं, हे संपलं म्हणावं, तर परवाच्या रविवारी कोकिळाला बघायला अमळनेरचे पाहुणे आले. मुलाचे काका, रुपचंदभाऊ, पोहे खाता खाता म्हणाले, "इतला मार्क व्हतात, मंग पोरले मेडिकलले काबर नही टाकं?" नाना मान वर करून बोलणार... तुम्हाला सांगतो, त्यांचे ओठ हलले, मी बघितले, बेरीज करताना हलायचे तसे. तेवढ्यात कोकिळा ट्रे हातात घेऊन म्हणाली, "मला रक्त बघवत नाही." रक्त बघवत नाही! पुना फिटर तिथंच खुर्च्या लावायला आलेला, त्यानं आपला हात मागे लपवला. आणि नाना उठून बाहेर आले, इथं, तुम्ही बसलात त्याच पायरीवर.

मागोमाग हे रुपचंदभाऊ! खिशातून घडी केलेला कागद काढतात आणि म्हणतात, "नाना, मना धाकलाले यंदा दोनशे साठ पडनात. मांगला साल कितलाले बंद व्हयनं?" मला वाटलं, धरून ढकलावं गटारीत! पण नानांनी सांगितलं. वही न उघडता. "दोनशे एकसष्ट. पण त्या आकड्यावर जाऊ नका, भाऊ. फॉर्म भरा. भरून घरात ठेवू नका, देऊन या."

तेव्हा उठा आता. तुम्हालाही ते हेच सांगणार. अक्षर चांगलं हवं असेल तर मागच्या दाराला जा, कोकिळा सगळ्यांचे फॉर्म भरून देते. तिचा स्वतःचा भरलेला फॉर्म अजून त्या वहीतच आहे, फोटोसकट. फक्त मागच्या वर्षी कितीला बंद झालं, तेवढं या घरात विचारू नका... दोनशे एकसष्ट. घ्या, मलाही पाठ झालंय.